हंगाम आणि मुक्काम

दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू झाले की आमच्यात दरवर्षी एक वाद निघतो : यंदा मोटारसायकल कधी बंद करायची? आम्ही म्हणजे चौघे. शिवाजी विद्यापीठात एम.ए.ला मराठीच्या एकाच वर्गात बसलो, आणि आज दोघे सातारा जिल्ह्यात, दोघे सांगली जिल्ह्यात शिकवतो. चौघांचीही घरे एका गावी आणि नोकऱ्या दुसऱ्या गावी आहेत. कराड हे आमचे मधले ठाणे. गेली वीस-बावीस वर्षे आमचे तास, पेपरतपासणी, चर्चासत्रे, व्याख्याने, पाहुण्यांची लग्ने आणि मयती हे सारे दुचाकीवरूनच पार पडले आहे. (चौघांतील एक बाई आहेत, त्यांची स्कूटर आहे. पण प्रश्न तोच असल्याने त्यांनी आम्हांस शब्दाची सवलत दिली आहे.)

बंद करायची म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. गाडीवर कापड टाकून ती पडवीत उभी करायची असे नव्हे. सूर्य मावळल्यावर ती गावाबाहेरच्या रस्त्यावर काढायची नाही, एवढाच नियम. तो कोणत्या तारखेपासून पाळायचा आणि कोणत्या तारखेला सोडायचा, यावर मात्र आमचे एकमत होत नाही.

साताऱ्या-सांगलीच्या हिवाळ्यात मोटारसायकल बंद करण्याजोगे आहे तरी काय, असे कोणीही विचारील. येथील थंडी कानटोपी आणि स्वेटर यांनी भागते. सकाळी चोक ओढून दोन किका जास्त माराव्या लागतात, इतकेच. जेथे खरोखर बर्फ पडते आणि ते वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, तेथे हा प्रश्न साधा असतो. जर्मनीत तर वाहनाच्या नंबरप्लेटवरच वापराचे महिने छापून घेण्याची सोय १९९७ पासून आहे. मार्च ते ऑक्टोबर असे आकडे पाटीवर असले, की उरलेल्या महिन्यांत ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. कधी थांबायचे हा निर्णय तेथे पाटीवर लिहिलेला असतो. आपल्याला तो दर वर्षी नव्याने घ्यावा लागतो.

आपल्या परंपरेला थांबणे ठाऊक नाही असे मुळीच नाही. भिक्खूंचा वर्षावास होता, संन्याशांचा चातुर्मास होता. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणीस राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत. बखरी वाचणाऱ्यांना 'छावणी' हा शब्द तळापेक्षा थांबण्याच्या काळासाठी अधिक ओळखीचा आहे. पण हे सारे थांबणे पावसाचे. पावसात काय करायचे याबद्दल आम्हांलाही फारसा विचार करावा लागत नाही, कारण तो नदीच करते. सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाण्याच्या पातळीचे आकडे आहेत : ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले, तेव्हा मोटारसायकल काढू की नको असा प्रश्न कोणालाच पडला नाही. हिवाळ्याला असा पूल नाही. रस्ता कोरडा असतो, आकाश निरभ्र असते, हवा सुखाची असते. दसरा झालेला असतो. शतकानुशतकांच्या संस्काराने मनात असते ते एकच, की आता निघावे. आणि कृष्णाकाठच्या दुचाकीस्वारासाठी वर्षातला सर्वांत वाईट काळ नेमका याच वेळी सुरू होतो.

तो काळ ऋतूचा नाही, हंगामाचा आहे. हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांतला भेद वर्गात सांगण्याजोगा आहे. ऋतू हा संस्कृतातून आलेला, पंचांगातला, काव्यातला शब्द. हंगाम हा फारसीतून आलेला. तो आपल्याकडे कामाला चिकटला. पेरणीचा हंगाम, सुगीचा हंगाम, लग्नाचा हंगाम. आमच्या दोन जिल्ह्यांत नुसते 'हंगाम सुरू झाला' म्हटले, तर त्याचा अर्थ एकच : उसाचा गळीत हंगाम.

कारखान्यात बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत पहिली मोळी पडते, आणि आठवडाभरात रस्त्याचे रूप पालटते. कराडजवळचे यशवंतनगर, रेठरे, साखराळे, कुंडल, सांगली अशी कारखान्यांची ओळच कृष्णेच्या दोन्ही अंगांनी आहे. त्यामुळे आमच्यापैकी कोणालाही घरी जाताना एक तरी गव्हाण ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. ट्रॉलीच्या चौकटीबाहेर दोन्ही अंगांना आलेला ऊस. मागचा दिवा असला तर वाढ्यांनी झाकलेला, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने. त्यांच्या मागे बीड-उस्मानाबादकडून (आताचे धाराशिव) आलेल्या टोळ्यांच्या बैलगाड्या. रस्त्यावर पडलेला, चाकांखाली चिरडून गुळगुळीत झालेला ऊस. नदीकाठच्या पट्ट्यात मध्यरात्रीनंतर उतरणारे धुके. आणि सूर्यास्त सहाच्या सुमारास. जूनमध्ये जो प्रवास सात वाजेपर्यंत उजेडात होतो, तोच डिसेंबरात काळोखात करावा लागतो, हे महाविद्यालयाच्या वेळापत्रकाला ठाऊक नसते.

पाच हिवाळ्यांपूर्वी आमच्यापैकी एकजण एका गावाहून व्याख्यान देऊन परतत होता. कोण, ते येथे सांगत नाही. लेख चौघांचा आहे. रात्रीचे साडेदहा वाजले होते. विषय ग्रामीण कथेतील निवेदक असा होता, आणि श्रोते चांगले होते. गावाबाहेर तीन-चार किलोमीटरवर रस्त्याच्या मधोमध दोन दगड पडले होते. पंक्चर झालेली ट्रॉली मागे सरकू नये म्हणून कोणीतरी चाकामागे लावलेले. चाक बदलून झाले, ट्रॉली गेली, दगड राहिले. समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्याने डोळे दिपले असताना पुढचे चाक दगडावर चढले. हेल्मेट होते म्हणून आज चौघे आहोत. हसळीचे हाड मोडले, आठ आठवडे फळ्यावर डाव्या हाताने लिहावे लागले. पहिला मदतीला आला तो मागून येणाऱ्या उसाच्याच ट्रॅक्टरचा चालक. विशीतला मुलगा. आदल्या रात्रीपासून तो वजनकाट्याच्या रांगेत होता आणि त्याचे डोळे लाल झाले होते. जखमी माणसाला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवून त्याने दवाखान्यापर्यंत पोहोचवले. वाटेत दोनदा 'झोपू नका, सर' असे तो म्हणाला. ते आपल्याला की स्वतःला, हे आमच्या मित्राला अजून उमगलेले नाही.

ही हकिगत सहानुभूतीसाठी सांगितलेली नाही. त्या मुलाला हंगाम थांबवता येत नव्हता. ट्रॉलीवर उसाच्या ओझ्यावर झोपलेल्या मजूर कुटुंबालाही तो थांबवता येत नाही. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. दिवे बसवा, रिफ्लेक्टर लावा, हे सांगितलेच पाहिजे, आणि हंगामाच्या तोंडावर ते सांगितलेही जाते. परंतु त्या रस्त्यावरच्या सर्वांमध्ये ज्यांना थांबण्याची मुभा आहे असे आम्हीच होतो. पगारी, सुटीवाले, व्याख्यानाला जाणारे. ती मुभा असून आम्ही ती वापरत नव्हतो, हे आम्हांस त्या अपघातानंतर कळले.

तर तारखेचा वाद. एकाचे मत असे, की दसरा हीच तारीख धरावी. लक्षात ठेवायला सोपी आणि थोडीशी खट्याळही. सारे जग सीमोल्लंघन करते त्या दिवशी आपण थांबायचे. दुसऱ्याचे म्हणणे, कार्तिकी एकादशी धरावी. देव जागे होतात, आपण झोपावे. दोन्ही सूचना साहित्याच्या प्राध्यापकांना शोभणाऱ्या आहेत आणि दोन्ही निरुपयोगी आहेत, कारण हंगाम पंचांग पाहून सुरू होत नाही. तो राज्याच्या मंत्री समितीच्या बैठकीत ठरतो. २०२२ साली १५ ऑक्टोबर ठरली, २०२३ साली १ नोव्हेंबर, आणि २०२४ साली विधानसभेच्या निवडणुकीच्या धामधुमीत १५ नोव्हेंबर. तारीख जाहीर झाली म्हणून चाके फिरतात असेही नाही. जयसिंगपूरला ऊस परिषद होते, दराची मागणी होते, ती मान्य होईपर्यंत वाहने अडवली जातात, आणि कोंडी फुटली की तुंबलेला सारा ऊस एकदम रस्त्यावर येतो. म्हणून तिसऱ्या मताने, जे आता आम्ही मान्य केले आहे, असे ठरले : कोणतीही तारीख धरायची नाही. वाढे पडलेले पहिल्यांदा रस्त्यावर दिसले, की त्या संध्याकाळपासून गाडी बंद. आणि शेवटची टोळी आपले बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवून गावाकडे निघालेली दिसली, की पुन्हा सुरू. ऊस कमी असला तर ते फेब्रुवारीत दिसते, जास्त असला तर एप्रिलही उजाडतो.

येथवर वाद आमच्या घरचा होता. आता तो वाचकांचाही होतो, कारण उसाचा हंगाम आणि मराठी साहित्याचा हंगाम एकच आहे. कराडचे अखिल भारतीय साहित्य संमेलन, ज्याच्या अध्यक्ष दुर्गाबाई भागवत होत्या, ते १९७५ च्या डिसेंबरातले. सांगलीचे म. द. हातकणंगलेकरांच्या अध्यक्षतेखालचे २००८ च्या जानेवारीतले. साताऱ्याचे ९९वे संमेलन २०२६ च्या जानेवारीतले. ही झाली मोठी संमेलने. तेथे मंडप, निवास, बसगाड्या असतात. त्यांच्या खाली गावोगावच्या व्याख्यानमाला, ग्रंथालयांचे वर्धापनदिन, ग्रामीण संमेलने, कविसंमेलने असतात. तीही सारी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच होतात, कारण पाऊस नाही, परीक्षा लांब, आणि मोकळ्या मैदानात सतरंजी टाकली की भागते. संक्रांतीला औदुंबरला कृष्णाकाठी जे संमेलन भरते, त्याला आम्ही जमेल तसे जातो आणि उन्हे आहेत तोवर परततो. पण बहुतेक गावांच्या व्याख्यानाची वेळ रात्री नऊची असते. प्रास्ताविक, सत्कार, दीपप्रज्वलन होऊन वक्ता उभा राहतो तेव्हा साडेनऊ होतात. अकराच्या पुढे त्याला शाल-श्रीफळासह गावच्या वेशीवर आणून सोडतात. 'सावकाश जावा, सर,' असे कोणीतरी म्हणते. ते मनापासूनच म्हटलेले असते.

आमचा पहिला विचार असा झाला, की वेळ बदला म्हणावे. चार वाजता ठेवा, सहाला संपवा. दोन ठिकाणी आम्ही तसे कळवलेही. एका ग्रंथालयाच्या कार्यवाहांनी जे उत्तर दिले, त्याने आमचा लेख निम्मा लिहिण्याआधीच खोडला. चार वाजता माणूस शेतात असतो. बायकांची धार काढणे, भाकऱ्या, जेवणे आठ-साडेआठपर्यंत आवरतात. ज्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची असते, त्या आठवड्यात निम्मे श्रोते मोटार चालू करून येतात आणि पाण्याची पाळी बदलायला मधूनच उठून जातात. चार वाजता सभा घेतली तर येतील ते निवृत्त शिक्षक, आणि सक्तीने बसवलेली शाळेची मुले. अशा श्रोत्यांपुढे बोलायचे, तर मग महाविद्यालयाच्या वर्गात काय वाईट होते! रात्री नऊचे श्रोते हेच मराठी वाङ्मयाचे खरे खेड्यातले श्रोते आहेत, हे आम्हांस अनुभवाने मान्य आहे. त्यांच्यासमोर बोलताना जी भीती वाटते, ती कोणत्याही चर्चासत्रात वाटलेली नाही.

मग जायचेच नाही काय? आमच्यापैकी एकाने दोन हिवाळे तसे केले. निमंत्रणे नाकारली. तिसऱ्या वर्षी ती आलीच नाहीत. व्याख्यानमाला बंद पडली नाही; तिच्यात वक्त्यांऐवजी विनोदी एकपात्री आणि ऑर्केस्ट्रा आले. त्यांच्याजवळ चारचाकी असते. यात त्यांचा दोष नाही; आमची जागा आम्हीच रिकामी केली होती.

या पेचात विचार करताना एक जुनी गोष्ट ध्यानात आली, आणि ती आधी का आली नाही याची लाज वाटली. रात्री नऊला बोलून रात्रीच परतायचे, ही रीत मुळात व्याख्यानमालेची नाही. ती मोटारसायकलने आणली. आमच्या गुरुजनांच्या काळात वक्ता संध्याकाळच्या एस.टी.ने येई, कार्यकर्त्याच्या घरी जेवी, बोले, आणि मुक्काम करी. सकाळी ओसरीवर चहा होई, आणि रात्री सभेत जो प्रश्न विचारायचा धीर झाला नव्हता तो कोणीतरी तेव्हा विचारी. आम्हांला शिकवणाऱ्या एका सरांकडे माणदेशातल्या म्हणी-वाक्प्रचारांच्या वह्याच्या वह्या होत्या. त्या त्यांनी कोठे भरल्या असे आम्ही विचारले, तेव्हा 'मुक्कामात' एवढेच ते म्हणाले. 'बनगरवाडी'तला मास्तर पायी वाडीला गेला आणि तेथे राहिला. रोज संध्याकाळी आपल्या गावी परतण्याची सोय त्याच्याजवळ असती, तर ती कादंबरी काय झाली असती, हा परीक्षेला घालण्याजोगा प्रश्न आहे. आम्ही शेकडो गावांत बोललो आहोत. त्यांतल्या किती गावांची सकाळ पाहिली, असे विचाराल तर बोटे मोजावी लागणार नाहीत.

येथे कोणी म्हणेल, की तुम्ही आठवणींत रमता. आता कोणाच्या घरी कोण राहतो? बाथरूमची अडचण, सकाळचा पावणेआठचा तास, घरची माणसे. हे आक्षेप खरे आहेत. आमच्यातील बाईंनी त्यांत आणखी एक घातला, की मुक्कामाची ही सारी रम्य हकिगत पुरुष वक्त्यांची आहे. बाईला मुक्कामाला ठेवताना गावाला आणि बाईला दोघांनाही अवघड वाटते, म्हणून त्यांना अनेकदा बोलावलेच जात नाही. याला आमच्याजवळ पुरते उत्तर नाही. त्या मात्र यंदा दोन गावी जाणार आहेत, विद्यार्थिनींना सोबत घेऊन, आणि अट त्यांनी स्वतः घातली आहे : राहायची जागा ग्रंथालयात असावी आणि सोबतीला गावातल्या बायका असाव्यात. पुस्तकांच्या कपाटांमध्ये सतरंज्या टाकून बारा बायका झोपणार, आणि व्याख्यान झोपेपर्यंत चालणार, असे त्यांचे म्हणणे आहे. आम्हां तिघांना या बेताचा थोडा हेवा वाटतो.

एस.टी.चेही बोलले पाहिजे. मुक्कामी गाडी, काही गावांत तिला वस्तीची गाडी म्हणतात, रात्री गावात येऊन थांबते आणि पहाटे तालुक्याला निघते. २०२१ च्या नोव्हेंबरापासून पुढचे काही महिने एस.टी.चा संप चालला, तो सारा काळ गळीत हंगामाचाच होता. त्या हिवाळ्यात आमचे विद्यार्थी तिघे-तिघे एका दुचाकीवर बसून, ट्रॉल्यांच्या मागून वाट काढत परीक्षेला आले. संप मिटला, पण ज्यांच्या घरी तेव्हा दुचाकी आली ती काही परत गेली नाही, आणि मुले पुन्हा बसने येऊ लागली असेही झाले नाही. आम्ही त्यांना हेल्मेट घाला म्हणतो. सायंकाळचे जादा तास, स्नेहसंमेलनाच्या रात्री नऊपर्यंत चालणाऱ्या तालमी, हे मात्र डिसेंबरातच घेतो. स्वतःसाठी नियम करायचा आणि ज्या मुलांना आपण थांबवून ठेवतो त्यांच्यासाठी नाही, हे बरे दिसत नव्हते. म्हणून आमच्यापैकी दोघांनी आपापल्या महाविद्यालयात अर्ज दिला, की हंगाम चालू असेतो साडेचारनंतर कोणताही उपक्रम ठेवू नये. एका ठिकाणी तो मान्य झाला. दुसऱ्या ठिकाणी 'हंगाम म्हणजे नेमका कोणता कालावधी, तो दिनांकासह कळवावा' असा शेरा येऊन परत आला. रस्त्यावर वाढे दिसल्यापासून, असे उत्तर आम्ही लिहिले आहे. ते फाईलमध्ये कसे लावतात, पाहायचे.

येत्या हिवाळ्यासाठी आतापर्यंत तीन पत्रे आली आहेत. तिन्हींना आम्ही एकच उत्तर पाठवले : वेळ तुमची, रात्री नऊचीच राहू द्या, आम्ही संध्याकाळच्या एस.टी.ने येऊ, मुक्काम करू. अंथरूण-पांघरुणाची तेवढी व्यवस्था व्हावी, मानधनातून वजा केली तरी चालेल. त्यांतील एका गावाहून उत्तर आले आहे. मानधनाबद्दल काही लिहिलेले नाही. जेवणात वांगे चालते का, असे विचारले आहे, आणि मुक्कामी गाडी पहाटे पावणेसहाला देवळासमोरून सुटते असे कळवले आहे.